शांतवन पाळकांची उलटी रांग

आमच्या उदगीरच्या गल्लीत चर्चच्या शांतवन पाळकांना रांगेत पुढं सरकताना कुणी पाहिलं नाही. ते मागंच सरकायचे. पोस्टात पाठीमागून कुणी आलं की, "तुमी व्हा म्होरं." निलंग्याची एसटी त्यांच्या डोळ्यांदेखत भरून निघून जायची. लग्नात त्यांची पंगत बसेपर्यंत आचारी कढया घासायला लागलेला असायचा. आणि कुठंही, काहीही वाटप चालू असो, त्यांचा सवाल एकच, "शेवटल्याचं काय?" आंबेवाल्याला हे विचारलं तेव्हा त्यानं पाटीच्या तळाचा नासका आंबा काढून हातावर ठेवला. पाळकांनी तोही आवडीनं खाल्ला.

लातूर जिल्हा तेव्हा नवा झाला होता. साहेब आले, जीपा आल्या, रंगवलेल्या पाट्या आल्या. पाऊस तेवढा आला नाही. मग टँकर सुरू झाला. तो गल्लीच्या तोंडाशी, आमच्या किराणा दुकानापुढं थांबायचा. पहिल्या घागरी आमच्या, नंतर चर्चच्या आवारातल्या घरांच्या. गल्लीच्या दुसऱ्या टोकाला बौद्ध वस्ती. तिची पाळी येईस्तोवर पाइपातून नुसती हवा निघायची.

एका रविवारी पाळकांनी उपदेशात बायबलमधली द्राक्षमळ्याच्या मालकाची गोष्ट सांगितली. सगळ्यात उशिरा आलेल्या मजुरांनाही तो पुरी मजुरी देतो, आणि तीही सगळ्यांच्या आधी. दुसरे पाळक अशी गोष्ट सांगून घरी जेवायला जातात. आमचे सोमवारी टँकरवर चढले. "आजपास्नं पाणी शेपटाकडून," त्यांनी जाहीर केलं.

पहिला दिवस झकास गेला. वस्तीच्या घागरी भरल्या, आमच्या अर्ध्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी दुकान चालवणारे आमचे अण्णा हुशार झाले. घागर उचलून ते वस्तीच्याही पलीकडं जाऊन उभे राहिले. ते बघून चर्चमधली वडील मंडळी त्यांच्या मागं. मग अण्णा पुन्हा त्यांच्या मागं. बघता बघता शेपूट बैलबाजारात शिरलं. टँकर मागं मागं येतोय, माणसं घागरी घेऊन त्याहून मागं पळतायत, देवणी बैल दावी तोडतायत, आणि पाळक टँकरवरून हात जोडून म्हणतायत, "अहो, हे शास्त्रात न्हाई." मी दुकानाच्या पायरीवर बसून पोट धरून हसत होतो.

वस्तीतल्या बाया मात्र आपापल्या दारातच उभ्या होत्या, म्हणजे आता रांगेच्या तोंडाशी. पाणी संपलं आणि त्या पुन्हा कोरड्या. त्यांच्यातल्या गयाबाई म्हणाल्या, "पाळकसाहेब, तुमचा देव लई भला हाय, पर त्यानं आमची गल्ली बघितली न्हाई."

तिसऱ्या दिवशी पाळकांनी रांगच मोडली. टँकर थेट वस्तीत नेला आणि तिथल्या घागरी भरेपर्यंत पाइप मांडीत धरून बसले. चर्चची वडील मंडळी खवळली, "आपल्याच लेकरांच्या तोंडचं पाणी पळवता?"

"न्हाई," पाळक म्हणाले, "ह्यांच्या लेकरांचं परत करायलोय."

पुढच्या रविवारी घंटा वाजली आणि चर्चमध्ये कुणीच आलं नाही. पाळकांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. ही मंडळी हेच त्यांचं घर. रिकाम्या बाकांपुढं उभं राहून त्यांनी एकट्यानंच गीत सुरू केलं. दुकानात ते ऐकू येत होतं. मला फार वाईट वाटलं, म्हणून उठून चर्चच्या दारापर्यंत गेलो.

तेवढ्यात माझ्या बाजूनं गयाबाई आत शिरल्या, मागोमाग वस्तीतल्या आणखी बाया. पदर सावरून बाकावर बसल्या. "आमी बौद्ध हाव. प्रार्थना करनार न्हाई," गयाबाईंनी सांगून टाकलं. "तुमी एकटे पडलाव, म्हणून नुसतं बसतो."

पाळकांनी गीत मधेच थांबवलं. पुस्तक मिटून ते खाली उतरले आणि बायांच्या बाकावर कडेला टेकले.

"बरं झालं आलाव," ते म्हणाले. "बुधवारपास्नं कुनी बोललंच न्हाई माझ्याशी."