टिपणीसकाका आणि गिटारचा ब्रिज

आमच्या शेजारचे टिपणीसकाका नवी वस्तू घरी आली की आधी ती खोलतात आणि मग वापरतात. कुकर आणला, तर पहिला भात लावायच्या आधी त्याच्या दांड्याचे स्क्रू बदलले. दारावरची बेल इतकी सुधारली की ती वाजली की आमच्या घरातलं कोणीतरी उठून दार उघडतं. "कंपनीने दिलंय," काका म्हणतात, "पण मनापासून नाही दिलेलं."

तळोज्याच्या एका कारखान्यात ते मेंटेनन्सला होते. रिटायर झाल्यापासून मेंटेनन्सला आम्ही आहोत. माझ्या स्कूटरचा स्टँड त्यांनी मला न विचारता बदलला. स्कूटर आता सरळ उभी राहते, हे मात्र मान्य करायला हवं. पनवेलच्या बाजारातला हार्डवेअरवाला त्यांना लांबून पाहिलं की जेवायला निघून जातो.

त्यांच्या तावडीतून एकच वस्तू सुटली होती, ती म्हणजे त्यांच्या मुलीची इलेक्ट्रिक गिटार. सानिका नोकरीला बंगलोरला गेली आणि गिटार इथेच राहिली. गणपतीत तिने फोनवर सांगितलं, "बाबा, दसऱ्याला आले की ती विकून टाकू. दोन गाणी झाली की सूर उतरतो."

काका तडक आमच्याकडे आले. "सुहास, विकायची म्हणतेय रे."

"मग?"

"मग काय? विकायचं कारणच ठेवायचं नाही!"

गिटारच्या पोटावर एक धातूची पट्टी असते, तिच्यावर तारा टेकतात. तिला ब्रिज म्हणतात. त्यानंतर काका दुसऱ्या कशावर बोलेनातच. "ब्रिज दिलाय, पण पत्र्याचा. तारा ओढल्या की हलणारच ना!" जाड पितळी ब्रिज मागवला. भोकं जुळेनात, तो परत पाठवून दुसरा मागवला. जेवायचं टेबल स्क्रूंनी भरून गेलं. "माझे गुडघे कुरकुरतात, तर म्हणतात डॉक्टरकडे जा," काकू मला म्हणाल्या.

दसऱ्याला सोनं द्यायला गेलो. देवघरासमोर पाटावर पाना, पक्कड, स्क्रूड्रायव्हर आणि मधोमध गिटार. सगळ्यांना हळदकुंकू, झेंडूची फुलं. "पूजेतली हत्यारं आज उचलायची नसतात," काकू म्हणाल्या, पण काकांना कुठला धीर! सानिकाने नमस्कार करून गिटार उचलली, छोट्या स्पीकरला जोडली आणि तार छेडली.

झर्रर्र.

पुन्हा छेडली. पुन्हा झर्रर्र. काका खुर्चीत बसले. चष्मा काढून पुसला, पण परत घातलाच नाही. "बिघडवली मी," म्हणाले. "आता विकूनच टाक." मला इतकं वाईट वाटलं की आपट्याची पानं हातातच राहिली.

सानिकाने गिटार उजेडात धरली. केसातली पिन काढून ब्रिजच्या फटीत घातली आणि कुंकू लागलेला एक तांदूळ बाहेर काढला.

"बाबा, ब्रिजवर अक्षता वाहिल्या तुम्ही?"

"सगळ्यांवरच वाहिल्या," काका म्हणाले. "पक्कडीवरसुद्धा."

मग ती जी हसत सुटली! पुन्हा तार छेडली, तर आवाज स्वच्छ. काकूंनी पानं वाढली, श्रीखंड आलं, तरी ती वाजवतच होती आणि सूर काही उतरला नाही.

"नाही विकायची," शेवटी ती म्हणाली. "इथेच असू दे. दिवाळीत येते वाजवायला. पण बाबा, आता हिला हात लावायचा नाही हं!"

आम्हा सगळ्यांचाच जीव भांड्यात पडला. काका मला दारापर्यंत सोडायला आले.

"काका, आवाजात केवढा फरक पडला हो!"

"पडला का?" त्यांनी वळून आत पाहिलं, मग हळूच म्हणाले, "तुला म्हणून सांगतो. मला सूरबिर काही कळत नाही रे. ती वाजवते आहे म्हणजे घरात आहे, एवढंच कळायचं. मला तर गिटार आधीही छानच वाटायची."