सदूनानांची कोरी बशी

माझ्या पुतणीच्या लग्नात नवरदेव तिला जिलबीचा घास भरवत होता. तिनं तोंड उघडलं आणि मध्येच टॉर्चचा झोत पडला. "थांबा पावणं!" सदूनाना तिच्या घशात डोकावत होते. "टॉन्सिलवर पांढरं हाय. सकाळी लॅबवर या." मांडव गार! मला तर धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

सदूनाना आमचे शेजारी. देवळाली प्रवरात खताच्या दुकानावर त्यांची लॅब आहे. घशात फिरवलेला कापूस असो की लघवीचा थेंब, काचेच्या बशीत तो 'पेरायचा' आणि कुठले जंतू उगवतात ते बघायचं, हा त्यांचा धंदा. उसाच्या गावाला ते उसाच्याच भाषेत बजावतात, "आदी तण वळखा, मंग फवारा मारा!"

गेल्या महिन्यात माझा नंबर लागला. लघवीला जळजळ, अंगात कणकण; सकाळी नानांना बोलून बसले होते. घरात गोळ्यांची अर्धी पट्टी उरली होती. दारातल्या ओट्यावर बसून एक तोंडात टाकणार, तोच नाना कुंपणापलीकडून गरजले, "बाई, लघवी दिली का?"

रस्त्यानं मी शिकवते त्या वर्गातली पोरं चालली होती हो! तेवढ्यात या सत्तरीच्या माणसानं कुंपण ओलांडून माझ्या हातातली गोळी हिसकावली आणि मोरीत फेकली.

"नाना, काही ताळतंत्र?"

"शिव्या मंग द्या. आदी बाटली द्या."

दिली बाटली. मग डॉक्टरांकडे गेले; रिपोर्ट येईपर्यंत त्यांनीही तीच गोळी लिहून दिली. दोन दिवसांनी रिपोर्ट आणायला लॅबवर गेले, तर नाना बशी नाचवत पुढे आले. "उगवलं! तुमच्या त्या गोळीला ह्ये जंतू भीक घालत न्हाईत. ह्ये डाक्टरला दावा, औषध बदलत्याल."

मला हसू आलं. तेवढ्यात कपाटात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली एक बशी दिसली. कोरी. वर चिठ्ठी, 'सौ. सुमन'.

"ही रिकामी कशाला ठेवलीत?"

नानांचा आवाज एकदम खाली आला. "आमच्या मंडळींची. तिलाबी जळजळ, ताप. घरातली उरलेली गोळी म्याच दिली, अन् मंग बाटली घेतली. गोळीनं जंतू दबले, बशीत काईच उगवलं न्हाई. म्या तिला म्हनलं, तुला काई झालं न्हाई, उगं कन्हू नको."

मी चिठ्ठीवरचं नाव पुन्हा वाचलं.

"आठ दिवसांत गेली. मूत्रपिंडं सडली हुती."

त्यांनी खिशातला टॉर्च काढला आणि सवयीनं त्या कोऱ्या बशीवर धरला.

"रोज बगतो," नाना म्हणाले. "आज तरी काई उगवलंय का."