निरीक्षकांच्या घरची चाचणी

ज्या घरात शिस्त असते, तिथे निसर्गालाही वेळापत्रक पाळावं लागतं. वजनमापे निरीक्षक म्हणून निवृत्त झालेल्या गृहस्थांच्या घरात तर दूधसुद्धा विचारल्याशिवाय उतू जात नसे.

त्यांची सून इस्पितळात एक्स-रे काढायची. गरोदर बाईने त्या खोलीत काम करायचं नाही, असा तिथला नियम. म्हणून पाळी चुकल्यावर हो की नाही हे कळणं गरजेचं होतं. सासऱ्यांनी प्रकरण स्वतःकडे घेतलं. (मोजमापाचं काम बायकांवर सोडून चालत नाही.)

"आठवडाभर थांबते, आणि सकाळी उठल्या उठल्या बघते," सून म्हणाली. पण सकाळी सासऱ्यांचं फिरणं असतं, आणि आठवडाभर थांबणं म्हणजे निव्वळ आळस. चाचणी दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी, सगळे घरात असताना घ्यायची ठरली. लघवीचा नमुना कमी पडू नये म्हणून सासूबाईंनी सुनेला तांब्यावर तांब्या पाणी पाजलं. चाचणीची पट्टी कपाटात होतीच, लेकीच्या वेळची. तिची मुदत केव्हाच टळली होती. पण मुदतीवरून उभा जन्म दुकानदारांना घाम फोडलेल्या माणसाला पक्कं ठाऊक होतं, की मुदत ही दुकानदारांसाठी असते. पाकिटावर काही मिनिटं थांबायला सांगितलं होतं. बातम्या लागणार असल्याने सासरे थांबले नाहीत.

एकच रेघ उमटली होती. "नाही," सासरे म्हणाले, आणि घरापुरतं ते नाही झालं.

पट्टीने "नाही" म्हणणं म्हणजे "मला अजून काही दिसलं नाही" एवढंच असू शकतं. पण असला लेचापेचा शेरा सासऱ्यांनी अख्ख्या नोकरीत कधी मारला नव्हता.

पुढे सून सकाळी ओकू लागली. ते पित्त ठरलं. भोवळ आली; तो अशक्तपणा.

"बाबा, पुन्हा एकदा बघू का?"

"अगं, निकाल लागल्यावर कुणी परत पेपर लिहितं का?"

नवरा म्हणाला, "बाबा म्हणतात तर असेल." (हेच वाक्य त्याने लग्न ठरतानाही वापरलं होतं.) इस्पितळातल्या साहेबांनाही "नाही"च सोयीचं होतं, बदली माणूस आणायचा कुठून? सून जीव मुठीत धरून रोज त्या खोलीत जात राहिली. तिची फार दया येते, पण निकालापुढे दयेचं काय चालणार?

एका दुपारी ती तिथेच कोसळली. डॉक्टरांचा फोन आला: दिवस गेलेत, रक्तस्राव होतोय, ताबडतोब या.

घरात लगेच बैठक बसली. डॉक्टरांची मोजमापाची साधनं एकदा तपासून घ्यायला हवीत, असं सासऱ्यांचं मत पडलं. सासूबाई मात्र खुलल्या. "एवढा त्रास देतोय, म्हणजे मुलगाच!" लेकीने फोनवरून मुलगी सांगितली. नवरा बाबा काय म्हणतात याची वाट पाहत होता. वाद चांगलाच रंगला.

सून कशी आहे हे बघायला अजून कोणी उठलेलं नाही. तुम्हीही मुलगा की मुलगी एवढ्यासाठीच थांबला असाल, तर बसा. चहा होतोच आहे.