भिंतीवरची घोंगडी

कुणाच्याही घरात शिरले की भगवानकाका बसायच्या आधी एक टाळी वाजवायचे आणि मान तिरकी करून ऐकत राहायचे. आमच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला भटजी मंत्र म्हणत होते, तेव्हाही त्यांनी वाजवली. भटजी थांबले. काका बाबांना म्हणाले, "खोली चांगली हाय, पण भिंत मधी बोलते."

आवाज भिंतीवर आपटून परत येतो आणि मूळ गाण्यात लुडबूड करतो, ही त्यांच्या मते घराची सगळ्यात वाईट खोड. शहापूरला ते आमच्या शेजारीच राहायचे. नोकरी कचेरीत, जीव लाउडस्पीकरमध्ये. प्लायवूडची खोकी घरीच बनवायचे. खाली ढोलकी-मृदंगासाठी मोठा स्पीकर, वर झांजा आणि शब्दांसाठी छोटा. नव्वदच्या सुमारास म्हशाच्या जत्रेतून घोंगड्या आणून त्यांनी स्वतःच्या घरातल्या भिंतींवर टांगल्या.

"भावजी, भिंतीला थंडी वाजते का?" आईने विचारलं.

"तिचं तोंड बंद केलंय, वहिनी."

आतून सुमनकाकू म्हणाल्या, "आमी गोधडीत नि भिंत घोंगडीत."

रोज संध्याकाळी भजनाची कॅसेट लागायची. काकू तांदूळ निवडत ऐकायच्या. नवं खोकं झालं की परीक्षा त्यांचीच. त्यांनी मान हलवल्याशिवाय काका स्क्रू घट्ट करत नसत.

मग एके वर्षी काकू म्हणाल्या, "सारं घुमतंय वो. शब्द कळत नाय."

काकांनी आणखी घोंगड्या आणल्या. दारालाही एक लावली. मग त्या जास्त झाल्या असं वाटून सगळ्या उतरवल्या. कपाट हलवलं, पलंग पडवीत काढला, खोकी मोडून पुन्हा बांधली. दर वेळी विचारायचे, "आता?" काकू "नाय" म्हणायच्या. पुढे पुढे त्यांना नवऱ्याची दया येऊ लागली असावी. आम्ही आळीतले लोक मात्र हसायचो.

एकदा भर दुपारी मी त्यांच्या दारात उभा होतो. काका खोक्यामागे वायर जोडत होते, एवढ्यात लाईट गेली. कॅसेट सुरूच झाली नव्हती. काका "थांब गो" म्हणायला वाकून बाहेर आले. त्यांचं तोंड दिसताच काकूंना वाटलं, नेहमीचंच विचारताहेत. त्या घाईने म्हणाल्या, "हां, आता चांगलं येतंय."

काका तसेच खाली बसले.

कल्याणच्या डॉक्टरांनी सांगितलं, कानाची नस कमजोर होत चालली आहे, बारीक आवाज आधी जातात. यंत्रही दिलं. ते लावलं की भांडी आदळल्यासारखं होतं म्हणून काकूंनी काढून ठेवलं.

पुढे नोकरीसाठी मी बाहेरगावी गेलो. दोन हजार सालानंतर कधीतरी घरी आलो, तेव्हा संध्याकाळी काकांकडे डोकावलो. काकू खोक्याला पाठ टेकून, डोळे मिटून बसल्या होत्या. बोटं मांडीवर ठेका धरत होती. खोक्यातून नुसतं धुम्म धुम्म येत होतं. कुठलं भजन तेही कळेना.

"काका, वरचा स्पीकर गेलाय वाटतं."

"गेला नाय. वायर मीच काढली."

"का?"

काकांनी काकूंकडे पाहिलं. "तिला पाठीतून एवढंच येतं रे. मी एकट्यानं जास्ती ऐकून काय करू?"

कॅसेटची बाजू संपली. काकूंनी डोळे उघडले. काका उठले आणि त्यांनी कॅसेट उलटून घातली.