सांबरगुरुजींचं काय तुटलं?

बाळांनो, एका जंगलात एक शाळा होती. शाळा सगळ्याच जंगलांत असते, पण या शाळेत शिक्षकही होते. त्यांचं नाव दिगंबर सांबर. सगळे त्यांना गुरुजी म्हणत.

गुरुजींचा आवडता धडा ऊतींचा. "एकच काम करणाऱ्या पेशींचा समूह म्हणजे ऊती," ते सांगत. "अभिस्तर ऊती अंग झाकते. स्नायू ऊती अंग हलवते. चेता ऊती निरोप पोचवते. संयोजी ऊती सगळ्यांना धरून ठेवते. म्हणा."

वर्ग म्हणे. कोल्हीण चंद्रभागा सगळ्यांत मोठ्यांदा म्हणे. साळिंदर पुंडलिक तिच्या चुका काढी. मागच्या ओळीत हैबती रेडा बसे. नातवंडं झाल्यावर त्याने शाळेत नाव घातलं होतं. तो पुढे बसला, तर बाकीच्यांना फळा दिसत नसे.

एकदा गुरुजी वर्गाला नदीवर घेऊन गेले. झोपलेल्या मगरीचे स्नायू लांबून दाखवायचे होते. शेवाळावर त्यांचा पाय घसरला. कट्कन आवाज झाला आणि गुरुजी थेट पाण्याच्या कडेला आडवे झाले.

मगरीने एक डोळा उघडला.

"अस्थिबंध तुटला," चंद्रभागा म्हणाली. "हाडाला हाड जोडतो तो अस्थिबंध."

"छे, स्नायुरज्जू," पुंडलिक म्हणाला. "स्नायूला हाडाशी जोडतो तो."

"दोन्ही संयोजीच की रे," गुरुजी कण्हत म्हणाले. "पण मला आधी जरा वर..."

"गुरुजी, मध्ये बोलू नका," चंद्रभागा म्हणाली. "मत घेऊ या."

मगरीच्या चेता ऊतीने निरोप पोचवला होता. ती पाण्यातून सरकत निघाली. इकडे पंजे वर झाले, मोजले गेले. समान निघाले. पुन्हा मोजायचं ठरलं.

तेवढ्यात हैबती खाली उतरला आणि गुरुजींच्या पुढ्यात उभा राहिला. मगरीने त्याची शिंगं पाहिली, थोडा विचार केला आणि परत जाऊन झोपली.

"कुठं दुखतंय, गुरुजी?"

"इथं."

हैबतीने त्यांना पाठीवर घेऊन आपल्या घरी नेलं. त्याच्या बायकोने पाला ठेचून बांधला आणि महिनाभर पाय टेकवू दिला नाही.

गुरुजींचे डोळे भरून आले. "हैबतराव, हे मी विसरणार नाही," ते म्हणाले.

आणि खरंच विसरले नाहीत. वार्षिक परीक्षेत पहिलाच प्रश्न आला : 'नदीकाठी गुरुजींचे काय तुटले? सकारण लिहा.' गुण पाच.

चंद्रभागेने अस्थिबंधावर तीन पानं लिहिली. पुंडलिकाने स्नायुरज्जूवर साडेतीन. व्याख्या दोघांच्याही बिनचूक होत्या, म्हणून दोघांनाही पाच मिळाले.

हैबतीने लिहिलं, 'गुरुजींचा पाय. कारण शेवाळ.'

त्याला शून्य मिळालं.

संध्याकाळी गुरुजी लंगडत त्याच्याकडे गेले. "वाईट वाटून घेऊ नका, हैबतराव. पण तुमच्या उत्तरात ऊती हा शब्दच नाही."

"असू द्या हो. पाय काय म्हणतोय?"

"संयोजी ऊतीचं पुनरुज्जीवन अद्याप अपूर्ण आहे," गुरुजी म्हणाले.

"म्हणजे दुखतोय," हैबती म्हणाला, आणि त्यांना पाठीवर घेऊन घरी सोडून आला.

तात्पर्य : जीव वाचवणाऱ्याचे उपकार जन्मभर स्मरावेत, गुण मात्र व्याख्येलाच द्यावेत. नाहीतर सगळेच मदत करत सुटतील, आणि धडा पाठ करायला वर्गात कोणी उरणार नाही.