लेंडीखताचे वकील

कवठे येमाईत शंभू वकील झाला तो लॉ कॉलेजचं तोंडही न पाहता! बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असताना त्यानं पारावर जाहीर केलं, "पुण्याची प्रवेश परीक्षा म्हंजी माझ्या डाव्या हातचा मळ हाय!" झालं! त्या दिवसापासून गाव त्याला 'वकीलसाहेब' म्हणू लागलं.

वकीलसाहेब मामाची मेंढरं राखत अभ्यास करायचे. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी मेंढरं हौसरावांच्या रानात बसवायची होती. रात्रभर कळप बसला की रानाला झकास लेंडीखत मिळतं, म्हणून हौसरावांनी मामाला कधीचं सांगून ठेवलं होतं. शंभूचं डोकं कायद्याच्या पुस्तकात. कळप बसला बांधापलीकडं, मारुतरावांच्या रानात!

सकाळी शंभू पुण्याला निघाला, तर हौसराव दारात.

"वकील, खत माझं आन् रान मारुतरावाचं! आता कसं वं?"

चूक कुणाची हे कळलं तर मामा सालटी काढतील! शंभू घाईनं म्हणाला, "खत तुमचंच. खुशाल उचलून आणा."

फाट्यावर मारुतराव भेटले. "माझ्या रानात पडलेलं खत कुणाचं, वकील?"

"तुमचंच, आप्पा! कुणाला हात लावू देऊ नका."

एसटी वेळेवर आली असती तर सगळं निभावलं असतं. पण एसटीच ती! तिच्याआधी आली पोलिसांची जीप. खतावरून दोघांची जुंपली होती. आत हौसराव फुटलेलं डोकं धरून, मारुतराव अंग चोरून, आणि दोघांचीही बोटं शंभूकडं!

शंभूला आत घालून जीप वळली आणि समोरून पुण्याची एसटी गेली. ही परीक्षा वर्षातून एकदाच. शंभूला अगदी रडू फुटलं.

चौकीत फौजदारांनी विचारलं, "दोन्ही बाजूंचा वकील तूच? कधीपासून?"

"अजून न्हाई, साहेब. आज परीक्षा व्हती..."

"मग वकील नाही, साक्षीदार! बस तिकडं."

साक्षीदार तर साक्षीदार! संध्याकाळपर्यंत सुटू, असं म्हणत शंभू बाकड्यावर टेकतो न टेकतो, तोच दारात मामा उभे.

"साहेब," मामा म्हणाले, "मेंढरं तिथं बसवली कुणी, त्येबी जरा इचारा की ह्या वकिलाला!"

शंभू बाकड्यावरून मुकाट्यानं उठला आणि आरोपींच्या शेजारी जाऊन उभा राहिला.