दामिनीच्या गोष्टीला तात्पर्य नव्हतं

लहान मुलांना गोष्ट सांगता येते, ही प्राथमिक शिक्षणातली सर्वात मोठी अडचण आहे. ती दूर करण्यासाठी माझी नेमणूक झालेली आहे.

मी पांढुर्ण्याच्या एका मराठी शाळेत चौथीला शिकवतो. कथालेखन कसं शिकवावं याचं प्रशिक्षण मी सौसरला घेतलं. तिथे गोष्ट कोणीच सांगितली नाही, पण व्यवस्था उत्तम होती. परतलो तेव्हा मला नायक, संघर्ष, विजय आणि तात्पर्य पाठ होतं. (क्रम बदलल्यास गुण कापावेत.)

परिणाम लगेच दिसले. नव्वद टक्के गोष्टींत कोल्हा आला आणि शेवटी त्याला पश्चात्ताप झाला. उरलेल्या दहा टक्क्यांत ससा होता. संत्र्याच्या बागांत वाढलेल्या या मुलांनी कोल्हा पाहिलेला नाही. मीही नाही, त्यामुळे तपासणं सोपं गेलं.

गाडी अडली ती दामिनीपाशी. शाळेच्या गोष्ट सांगण्याच्या स्पर्धेसाठी तिने गोटमारीची गोष्ट लिहिली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या एका काठावरून पांढुर्णा आणि दुसऱ्यावरून सावरगाव एकमेकांवर दगड फेकतात. (सोयरिकीही याच दोन काठांत होतात.) दामिनीचे बाबा या काठचे, मामा त्या काठचा.

"बाबाचं डोकं फुटलं. मामाचा पाय सुजला. संध्याकाळी दोघं आमच्याच घरी आले. आईनं दोघांले हळद लावली. दोघांले वाढलं. जेवून मामा सावरगावले गेला."

बस, इतकंच. मी लाल पेन काढला. नायक कोण? जिंकलं कोण? तात्पर्य कुठे आहे?

"आई तं काईच नाही बोलली, सर," दामिनी म्हणाली. "मंग मी माह्या मनानं काऊन लिहू?"

मुद्दा बिनतोड होता, म्हणून मी आवाज चढवला. 'सर्वांनी मिळून-मिसळून राहावे' हे वाक्य स्वतःच खाली लिहिलं आणि ते वाचल्याशिवाय मंचावरून उतरायचं नाही, असं बजावलं. माझी स्वतःची सासुरवाडी सावरगावची आहे. गोटमारीला मी गच्चीवरून मजा बघतो आणि बायकोला, अनुराधाला, चहा टाकायला सांगतो. तिला त्या दिवशी काय वाटतं, हे विचारायचं राहूनच गेलंय.

स्पर्धेत दामिनीने मामाला सावरगावला पोचवलं आणि ती थांबली. मी पहिल्या रांगेतून ओठ हलवून तात्पर्य पुरवलं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

"बेटा, यातून शिकायचं काय?" परीक्षक रघुनाथरावांनी विचारलं.

"आणि जिंकलं कोण?" मागून कोणीतरी ओरडलं.

दामिनीचे डोळे भरले. "सारे हेच विचारून राहिले," ती म्हणाली. "आई जेवली का, हे कोणीच नाही विचारत."

प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा असल्याने गुण देता आले नाहीत. मला लाज वाटली, पण गुणपत्रकात लाजेसाठी रकाना नव्हता.

गोष्ट तुम्हीही आत्ताच वाचलीत. बाबा आणि मामा जेवून उठले, तेव्हा तुम्हीही पुढे सरकलात. अभिनंदन, तुमचं प्राथमिक शिक्षण व्यवस्थित पूर्ण झालेलं आहे.